तिखट लाल दिसायला हवं: बचत गटाच्या व्हिडिओसाठी घरी केलेला लाईट

१८ डिसेंबर

पुण्याच्या एका गिऱ्हाईक बाईंनी गटाची हळद परत करायची म्हटलं. व्हिडिओत पाहिलेली हळद लिंबू-पिवळी आणि पाकिटातून निघालेली गर्द, केशरीकडे झुकणारी. रंग मिसळला असणार, असं त्यांचं म्हणणं. वहिनीनं समजावलं की वायगावची हळद अशीच गर्द असते, जीआय मानांकन मिळालेली आहे. बाईंनी ऐकून घेतलं, पण पुढची ऑर्डर काही दिली नाही. तिखटाची तऱ्हा उलटी: भिवापुरी मिरचीचं तिखट परातीत लालभडक, मोबाईलवर विटकरी. तो व्हिडिओ पाहून वहिनीनं मलाच विचारलं, "भाऊजी, हे आपलंच तिखट हाये ना, का मागच्या सालचं उरलेलं?"

तोच मोबाईल, तीच परात अंगणात सावलीला ठेवून पाहिली तर रंग बरोबर येतात. म्हणजे खोट मोबाईलची नाही, खोलीतल्या एलईडी ट्यूबची आहे. गटाची खोली टिनाची, खिडकी एकच, आत कांडप मशीन. बाया मोकळ्या होतात त्या वावरातून आल्यावर, दिवस मावळताना. तेव्हा उजेड आतच करावा लागणार. परातीवर सारखा पडेल एवढा मोठा, चांगल्या रंगाचा तयार व्हिडिओ लाईट आमच्या बजेटमध्ये बसत नाही. म्हणून एलईडी पट्ट्या, अल्युमिनियमचा पत्रा आणि वर पांढरा पडदा, असं घरीच करायचं ठरलं.

२१ डिसेंबर

आज फक्त वाचन. बहुतेक पांढऱ्या एलईडीत पांढरं असं काही नसतं. आत साधारण ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश देणारी चिप असते आणि तिच्यावर पिवळसर फॉस्फरचा थर. थोडा निळा तसाच बाहेर पडतो, थोड्याचं हिरवं-पिवळं-नारिंगी होतं, आणि डोळ्याला सगळं मिळून पांढरं वाटतं. स्वस्त फॉस्फरमध्ये गडद लाल जवळजवळ नसतो. हळद निळा शोषून घेते आणि हिरव्यापासून लालपर्यंतचा परत पाठवते. त्यातला लाल आलाच नाही तर उरतं ते हिरवट पिवळं. तिखटाकडे तर परत पाठवायला लालशिवाय फारसं काही नसतं, म्हणून ते मरगळतं. बाईंची तक्रार आणि वहिनीचा प्रश्न, दोन्हींचं मूळ एकच निघालं.

पाकिटावर छापतात तो सीआरआय आकडा, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचं माप, आठ नमुना रंगांच्या गुणांची सरासरी असतो, आणि हे आठही रंग फिके आहेत. गडद लालाचा नमुना नववा, म्हणून त्याला आर९ म्हणतात. तो त्या सरासरीत धरतच नाहीत. त्यामुळे सीआरआय ८० असलेल्या दिव्याचा आर९ शून्याच्या आसपास असू शकतो, कधी शून्याच्या खालीही जातो. लबाडी न करता छापलेला ८० सुद्धा आपल्या तिखटाबद्दल काहीच सांगत नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या एका नियमानं घरातल्या दिव्यांना सीआरआय ९० सोबत आर९ किमान ५० अशी वेगळी अट घातली आहे, ती याचसाठी.

कातडीच्या रंगाचेही नमुने आहेत: तेरावा युरोपीय, पंधरावा जपानी. आपल्याकडचा सावळा रंग त्यात कुठेच नाही. पण आपल्या कातडीतही रक्ताचा लाल आहेच, त्यामुळे आर९ चांगला असेल तर चेहरेही राख फासल्यासारखे दिसणार नाहीत, असा माझा हिशेब. कॅमेऱ्यासाठी टीएलसीआय नावाचा वेगळा निर्देशांक २०१२ मध्ये युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियननं आणला. तो पट्टीच्या कागदावर मिळाला तर उत्तम. आमच्या भागात कोणत्याच दुकानात मिळणार नाही.

२९ डिसेंबर

तपासायला पट्ट्या जमवल्या.

हिंगणघाटची: बिननावाची, १२ व्होल्ट, फक्त "कूल व्हाईट" लिहिलेली. लग्नाच्या मांडवाला लावतात ती.

पार्सलची: ऑनलाइन घेतली, पाकिटावर "सीआरआय ९०+" ठळक अक्षरात. आर९ विचारला तर विक्रेत्याचं उत्तर आलं, "ब्राईटनेस बेस्ट आहे सर."

नागपूरची: इतवारीत सराफांच्या शोकेसला माल देणाऱ्याकडून मीटरभर तुकडा. सोनं आणि साडी विकणाऱ्यांना रंगाची कदर असते, म्हणून तिकडे गेलो. २४ व्होल्ट, ५००० केल्विन (उजेड पिवळसर की निळसर याचं माप), सीआरआय ९५ च्या वर, आणि सोबत पंधराही नमुन्यांचे आकडे व वर्णपटाचा, म्हणजे उजेडात कोणता रंग किती याचा, आलेख असलेला कागद. त्यात आर९ नव्वदीत. दर हिंगणघाटच्या पाचपटीहून जास्त.

माझ्या मते विक्रेत्याची परीक्षा इथेच होते. पंधरा आकड्यांचा कागद देणारा माणूस खोटं बोलू शकतो, पण मागितल्यावर जो विषय बदलतो त्याच्याकडून घेण्यात अर्थ नाही.

४ जानेवारी

वर्णपट पाहायची पेटी केली. बुटाचा खोका, एका बाजूला दोन अर्ध्या ब्लेडच्या धारा समोरासमोर चिकटवून बारीक फट, दुसऱ्या बाजूला तिरपी लावलेली जुनी सीडी. सीडीवरच्या ओळींमध्ये १.६ मायक्रोमीटर अंतर असतं. तेवढ्यानं प्रकाश रंगारंगांत फुटतो. डीव्हीडीच्या ओळी आणखी दाट, तिच्यात पट जास्त पसरतो, पण अंधुकही होतो. सीडीवर भागलं. सूर्याकडे ही पेटी धरायची नाही, पुतण्याला दोनदा बजावलं.

पेटीतल्या रंगांच्या पटावर खुणा कशा करायच्या हा प्रश्न जुन्या सीएफएलनं सोडवला. माळ्यावर पडलेला होता, लागला. सीएफएलचा पट सलग नसतो, ठळक रेषा असतात: पाऱ्याची निळी ४३६ ला, हिरवी ५४६ ला, आणि फॉस्फरमधल्या युरोपियमची तांबडी ६११ ला. पेन्सिलनं तिन्ही खुणा केल्या. मग जुना १०० वॅटचा तारेचा बल्ब: निळ्यापासून गडद लालपर्यंत कुठेही न तुटता सलग पट. बल्ब वीज खातो, पण त्याचा सीआरआय १०० च्या घरात, मोजमापाला तोच धरावा.

हिंगणघाटच्या पट्टीत निळा झगझगीत, त्यानंतर निळ्या-हिरव्याच्या मध्ये काळपट दरी, मग हिरवा-पिवळा भरपूर, आणि ६११ ची खूण ओलांडली की लाल भराभर विझत गेला. पार्सलची तिच्यापेक्षा केसभर बरी. तिच्या ९०+ वर माझा विश्वास नाही. नागपूरच्या पट्टीत लाल त्या खुणेच्या बराच पुढे जातो आणि मधली दरीही उथळ. खोक्यातून आर९ चा आकडा निघत नाही, पण लाल आहे की नाही हे लपत नाही.

११ जानेवारी

खरी तपासणी मोबाईलवर. एकच परात, तीत हळद, तिखट, कुंकू, अर्धं संत्रं, हिरवी मिरची, आणि बाजूला वहिनीचा हात. आधी सावलीतल्या उजेडात, मग बल्बखाली, मग एकेका पट्टीखाली. मोबाईल प्रो मोडवर, सगळं हातानं बांधलेलं. व्हाईट बॅलन्स, म्हणजे मोबाईल पांढरं कशाला धरतो ते, आपोआपवर सोडला तर तपासणी वाया जाते, कारण लाल परात भरून दिसली की मोबाईल स्वतःच निळा वाढवतो.

पांढऱ्याचा मापदंड म्हणून आधी झेरॉक्सचा कागद घेणार होतो. त्यात चमक आणणारी रसायनं असतात, उन्हातल्या अतिनील किरणांनी तो निळसर उजळतो आणि एलईडीखाली उजळत नाही. म्हणजे मापच बदलतं. त्याऐवजी नळजोडणीची पांढरी टेफ्लॉन टेप पुठ्ठ्यावर अनेक पदर गुंडाळली. टेफ्लॉन सगळे रंग जवळपास सारखेच परत पाठवतं. रंग जुळवायचं दुकानातलं ग्रे कार्ड मागवण्याची गरज उरली नाही.

निकाल अपेक्षेप्रमाणे, तरी कुंकवानं चकित केलं. हिंगणघाटच्या पट्टीखाली ते चॉकलेटी. संत्रं मात्र तिथेही ठीकठाक वाटलं, कारण नारिंगी-पिवळ्याला तेवढा उजेड पुरतो. संत्र्यावर विसंबून कोणी पट्टी पसंत केली तर तिखटाला तोंडघशी पडेल.

मित्र वायरमन आहे, तो म्हणाला, "कायले एवढी खटपट करून राहिला बे? रंग तं मागाहून ॲपमध्ये वाढवता येते." करून दाखवलं त्याला. लाल सरकवला की तिखटाआधी स्टीलची परातच गुलाबी होते, वहिनीचा हात सुजल्यासारखा. जो उजेड वस्तूवर पडलाच नाही, तो ॲप कुठून आणणार? मग त्यानं दुसरा मुद्दा काढला: नागपूरची पट्टी तेवढ्याच वॅटला कमी उजेड देते. हे खरं आहे. डोळा ५५५ नॅनोमीटरच्या हिरव्याला सर्वांत तिखट, गडद लालाला मंद. वीज लालाकडे वळवली की लुमेनचा, म्हणजे डोळ्याला भासणाऱ्या उजेडाचा, आकडा पडतो. तो कमी उजेड मी विकत घेतो आहे, हे त्याला पटलं नाही. चहा मात्र त्यानं घेतला.

१६ जानेवारी

संक्रांतीचं हळदीकुंकू आमच्याकडे होतं. आलेल्या बायांना तीन पट्ट्यांचे तीन व्हिडिओ दाखवले, कोणता कशाचा ते न सांगता, आणि समोर खरी परात ठेवली. गिरणीवर आयुष्य गेलेल्या एका मावशीनं पार्सलवाल्या व्हिडिओवर लगेच बोट ठेवलं: "हे तिखट जळालं जी. कांडताना मशीन तापली असन." बाकीच्यांचाही कौल नागपूरच्या पट्टीला. एका सुनेला हिंगणघाटचा व्हिडिओ आवडला, त्यात साडी जास्त गोरी दिसते म्हणून.

२३ जानेवारी

केल्विन किती? ३००० ला हळद छान पेटते, पण खिडकीतून थोडा जरी दिवस आत आला तर अर्धी परात पिवळी, अर्धी निळी. ६५०० ला खोली दवाखान्यासारखी. संध्याकाळी उरलेल्या उजेडाशी फारसं भांडत नाही म्हणून ५००० कायम.

दुसरी गोष्ट, जी कागदावर बारीक अक्षरात असते: त्याच ५००० मध्येही एखादी पट्टी हिरवट असते, एखादी गुलाबीकडे. केल्विन फक्त पिवळं-निळं सांगतं, हिरवं-गुलाबी सांगत नाही. त्याचा आकडा वेगळा, ड्युव्ही. अधिकची खूण हिरव्याकडे, उणेची गुलाबीकडे. चेहऱ्याला हिरवट सर्वांत वाईट. नागपूरच्या कागदावर तो शून्याला चिकटून आहे.

पाच मीटरचं पूर्ण रीळ मागवलं आणि सांगितलं की एकाच बॅचचं हवं. दोन वेगळ्या बॅचेस शेजारीशेजारी लावल्या तर फरक उघड दिसतो.

६ फेब्रुवारी

जोडणी. अल्युमिनियमचा पत्रा ५० बाय ४० सेंटीमीटर. या पट्टीत मीटरला १२० एलईडी आहेत आणि दर सहा एलईडीला, म्हणजे ५ सेंटीमीटरला, कापायची खूण. अर्ध्या मीटरचे दहा तुकडे करून आडव्या ओळी चिकटवल्या.

कापण्याआधी पूर्ण रीळ एका टोकाला जोडून मीटर लावला: सुरुवातीला २४ व्होल्ट, शेवटी २२ च्या आसपास, आणि शेवट नजरेला मंद. कारण सरळ आहे. सहा एलईडी मिळून अंदाजे १८ व्होल्ट खातात, उरलेले ६ रेझिस्टरवर पडतात आणि तोच करंट ठरवतो. पट्टीच्या पातळ तांब्यात २ व्होल्ट गळाले की रेझिस्टरला ६ ऐवजी ४ मिळतात, करंट जवळपास तिसऱ्या हिश्शानं घटतो. १२ व्होल्टच्या पट्टीत तेवढ्याच वॅटला करंट दुप्पट, शिवाय रेझिस्टरच्या वाट्याला मुळातच ३ व्होल्ट. तिथे एक व्होल्ट गळाला तरी तोच परिणाम. म्हणून २४ घेतली, आणि म्हणून प्रत्येक ओळीला जाड वायरीतून स्वतंत्र पुरवठा दिला.

मीटरला १४ वॅट धरून पूर्ण पाटी ७० वॅट, साधारण ३ अँपिअर. पट्टीला वीज पुरवणारा डबा, एसएमपीएस, २४ व्होल्ट ५ अँपिअरचा. तो अर्ध्या-पाऊण ताकदीवर चालला की तापत नाही.

मागची चिकटपट्टी आत्ता घट्ट वाटते. आमच्या उन्हाळ्यात टिकणार नाही, म्हणून प्रत्येक ओळीची दोन्ही टोकं तारेनं बांधली.

९ फेब्रुवारी

उजेड कमी-जास्त करायला स्वस्त डिमर लावून पाहिला. मोबाईलचा शटर १/२००० केला, म्हणजे सेकंदाचा दोन हजारावा भागच उघडा, आणि पडद्यावर आडव्या काळ्या पट्ट्या पळायला लागल्या. असे डिमर उजेड कमी करत नाहीत, तो सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करतात. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. डिमर काढला. ओळींचे दोन गट केले, चार आणि सहा, प्रत्येकाला साधं बटण. त्याहून बारीक बदल हवा असेल तर लाईट मागे-पुढे सरकवायचा.

खोलीतली जुनी ट्यूबही पट्ट्या पाडते, आपल्या ५० हर्ट्झच्या विजेमुळे ती सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. ती बंदच ठेवायची. तरी कधी चुकून चालू राहिली तर शटर १/५० किंवा १/१०० वर पट्ट्या दिसत नाहीत. मोबाईलचं आवडतं १/६० इथे चालत नाही.

१४ फेब्रुवारी

पडदा. वहिनीनं आबांचं जुनं धोतर काढून दिलं. पण ते नीळ दिलेलं, उजेडाला निळी झाक आली. ट्रेसिंग पेपर बरा. पत्र्याला टेकवला तर एलईडीचे ठिपके दिसतात, चौकट करून १२ सेंटीमीटर पुढे नेला की ते एकमेकांत मिसळतात. उजेड बराच खाल्ला जातो, त्याला इलाज नाही.

भिंतीचं कोणी सांगत नाही. गटाच्या खोलीला पोपटी डिस्टेंपर आहे. एवढी चांगली पट्टी लावूनही वहिनीच्या गालाची एक बाजू हिरवी, कारण भिंतीवरून उलटलेला उजेड हिरवाच असणार. लाईटच्या समोरच्या भिंतीवर सोयाबीनवर टाकतो ती काळी ताडपत्री टांगली आणि गाल जागेवर आला. निळी किंवा पिवळी ताडपत्री टांगू नये, हे वेगळं सांगायला नको.

२२ फेब्रुवारी

चित्रीकरण चालू असताना लाईन गेली. डीपीचा फ्यूज, उद्या सकाळपर्यंत काही होत नाही.

फवारणीचे बॅटरी पंप या दिवसांत रिकामेच असतात. आमचा आणि काकांचा, दोन्ही पंपांतल्या १२ व्होल्ट ८ अँपिअर-तासाच्या बॅटऱ्या एकापुढे एक जोडल्या की २४ व्होल्ट झाले. पण थेट लावणं बरोबर नाही. भरलेल्या जोडीचे साडेपंचवीस व्होल्ट येतात आणि वापरता वापरता ते २२ वर उतरतात. वर मांडलेल्या रेझिस्टरच्या हिशेबानं एकाच व्हिडिओत उजेड ढळत जातो. मध्ये व्होल्टेज वाढवणारं आणि घटवणारं, दोन्ही करणारं मॉड्यूल बसवून बाहेर पक्के २४ ठेवले, बॅटरीजवळ ५ अँपिअरचा फ्यूज. दोन्ही गट चालू ठेवून तासाभरापेक्षा थोडं जास्त निघतं. त्यापुढे ओढायचं नाही, बॅटरी बसते आणि खरिपात काका जाब विचारतील.

३ मार्च

वावराच्या धुऱ्यावर पळस फुलला. फुलं तोडून लगेच परातीत ठेवली, सावलीत एक आणि लाईटखाली एक असे दोन व्हिडिओ काढले. पळसाचा तांबडा-नारिंगी स्वस्त उजेडात हमखास मरतो. इथे दोन्ही व्हिडिओ शेजारी ठेवून फरक शोधावा लागला. फुलाच्या देठाचा काळसर मखमली भाग तेवढा लाईटखाली जास्त गडद. नवी हळद दळून झाली की तिचा व्हिडिओ याच मांडणीत.

२७ मार्च

दुपारी टिनाखाली हात लावून पाहिला. अर्ध्या तासानं पत्र्याच्या मागच्या बाजूला तळहात ठेवणं कठीण. एलईडी तापली की उजेड घटतो, आयुष्यही. मागे अल्युमिनियमचे कोन रिव्हेट केले, चौकट भिंतीपासून हातभर पुढे आणली म्हणजे हवा खेळेल, आणि मे महिन्यात फक्त सहा ओळींचा गट वापरायचा असं बटणावर लिहिलं. मधली एक चिकटपट्टी सुटली आहे, तारेनं धरून ठेवलंय.

१२ एप्रिल

कुरोड्यांचे व्हिडिओ काढले. पांढऱ्याशुभ्र कुरोड्या मोबाईलच्या पडद्यावर किंचित तांबूस. व्हाईट बॅलन्स जानेवारीत ठरवलेलाच, कोणी हलवलेला नाही. पट्टी पेटीतून पाहिली तर पट जसाच्या तसा. मग ट्रेसिंग पेपर उजेडासमोर धरला: कांडप मशीनचं तिखट आणि हळद त्यावर बसून कागदच केशरी झालेला. लाल वस्तूंवर हे कळलंच नसतं, उलट तिखट जरा जास्तच खुलत होतं, आणि पुण्याच्या बाईंना मग उलट्या दिशेनं फसवल्यासारखं झालं असतं. महिन्याभरातली तिखटाची रेकॉर्डिंग पुन्हा टेफ्लॉनशी ताडून पाहतो आहे. दोन व्हिडिओ काढून टाकावे लागतील.

नवा कागद लावला. कांडणाच्या दिवशी चौकटीवर जुनी साडी टाकायची, आणि प्रत्येक चित्रीकरणाची सुरुवात टेफ्लॉनच्या पुठ्ठ्यापासून करायची. कागदाचा रोल चौकटीमागे खिळ्याला अडकवला आहे, बदलल्याची तारीख कोपऱ्यात पेनानं.